तक्रारीची पोच

पैसे मोजून घेतलेली वस्तू सदोष निघाली किंवा सेवा धड मिळाली नाही, तर दाद मागण्याचा हक्क भारतातल्या ग्राहकाला १९८६ पासून कायद्याने मिळालेला आहे. त्या कायद्याची जागा पुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने घेतली आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. कायदा येण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रात ही चळवळ उभी राहिली होती. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. एवढी जुनी परंपरा असूनही बहुतेक तक्रारी आजही तोंडीच होतात, आणि तोंडी तक्रार जिथे होते तिथेच विरते.

ती विरते याचे कारण ऐकणाऱ्याचा उर्मटपणा हे क्वचितच असते. ऐकणाऱ्याच्या हातात काही नसते, हे खरे कारण. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड हे गाव आहे. किल्ल्याचा डोंगर, महाशिवरात्रीची यात्रा आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा यांमुळे त्याचे नाव झाडीपट्टीत सगळ्यांना ठाऊक. अशा गावातल्या माणसाला सेवा देणाऱ्या संस्थेचा जो चेहरा दिसतो, तो लाइनमनचा, सिलिंडर आणून देणाऱ्या पोराचा, एसटीच्या वाहकाचा किंवा अंगठा घेऊन पैसे काढून देणाऱ्या बँक मित्राचा. बिल कमी करणे, माल बदलून देणे, खात्यात पैसे परत टाकणे यांतले काहीही त्यांच्या अखत्यारीत नसते. ते करणारा माणूस अर्जुनीत, गोंदियात, नागपुरात, नाहीतर थेट बंगळुरूत बसलेला असतो. लाइनमनला चार शब्द सुनावले तर राग शांत होतो, पण अर्जुनीच्या कार्यालयात त्याची नोंद होत नाही. तिथवर पोचतो तो कागद, किंवा हल्ली कागदाची जागा घेतलेला ईमेल आणि नोंदणी क्रमांक.

बिल आणि पोच

तक्रारीची तयारी खरेदीच्या वेळीच झालेली असावी लागते. तालुक्याच्या बाजारात अजूनही ‘पक्के बिल हवे की कच्चे?’ असे विचारले जाते, आणि पक्क्याला जीएसटी पडेल असे सांगून गिऱ्हाइकाला कच्च्यावर भागवायला लावले जाते. वाचलेले ते चार पैसे पुढे फार महाग पडतात. २०१९ च्या कायद्याने बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीचेही तसेच. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणे त्याच व्याख्येत येते. घरी आल्यावर रंग आवडला नाही म्हणून साडी बदलून द्यायला दुकानदार बांधील नाही; साडी विरलेली निघाली तर मात्र पाटीचा आधार त्याला घेता येत नाही.

उधारीवर घेतले म्हणजे हक्क गेला, असाही एक समज खेड्यात असतो. तो चुकीचा आहे. किंमत पूर्ण दिलेली असो, अर्धी दिलेली असो की पुढे देण्याचे कबूल केलेले असो, कायद्याच्या दृष्टीने तो ग्राहकच. फक्त उधारीचे बिलही त्याच दिवशी फाडून घेतले पाहिजे. हंगाम संपल्यावर वहीतला हिशेब दाखवून काही सिद्ध होत नाही. एटीएमच्या आणि बऱ्याच दुकानांच्या चकचकीत कागदावरच्या पावत्यांची छपाई काही महिन्यांत उडून जाते, म्हणून मोबाइलवर त्यांचा फोटो काढून ठेवणे शहाणपणाचे.

बिलाइतकीच महत्त्वाची दुसरी वस्तू म्हणजे पोच. अर्ज हाती नेऊन दिला तर दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा. ‘ठेवून जा, साहेबांना देतो’ असे म्हणणाऱ्याकडे ठेवलेला अर्ज दिला नसल्यातच जमा. पोच द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल तर वाद न घालता तोच अर्ज टपालाने पाठवावा. वर्षानुवर्षे लोकांच्या तोंडी बसलेले ‘रजिस्टर पोस्ट’ १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे. पत्र स्वीकारल्याचा पुरावा स्पीड पोस्टवरही मिळतो आणि पाठवल्याची पावती तर मिळतेच. दोन्ही अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवाव्यात. फोनवर तक्रार केली असेल तर नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याने सांगितलेले नाव लगेच लिहून घ्यावे.

फोनच्या बाबतीत पत्रात नसलेला एक धोका मात्र असतो. इंटरनेटवर शोधून सापडलेले ‘कस्टमर केअर’चे क्रमांक पुष्कळदा भामट्यांचे असतात. पैसे परत करतो म्हणून ते ओटीपी विचारतात किंवा मोबाइलमध्ये एखादे ॲप टाकायला लावतात, आणि पाचशेच्या तक्रारीत खाते रिकामे होते. वेष्टित मालावर तक्रारीसाठी फोन आणि ईमेल छापणे वैधमापनाच्या नियमांनी बंधनकारक आहे. क्रमांक तिथून घ्यावा, बिलावरून घ्यावा, बँकेचा असेल तर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा. फसवणूक झालीच तर सायबर गुन्ह्यांसाठीचा १९३० हा क्रमांक तातडीने लावावा लागतो, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवणे एवढीच आशा उरलेली असते.

काय लिहावे

शाळेत शिकवलेला अर्ज आणि चालणारी तक्रार यांत मोठा फरक असतो. मराठी अर्जाचा शेवट ठरलेला: ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती.’ योग्य काय हे ठरवण्याचे काम अर्जदाराने वाचणाऱ्यावरच सोपवलेले असते, आणि वाचणाऱ्याला काही न करणेच बहुधा योग्य वाटते. काय हवे ते स्वच्छ मागितले पाहिजे: दुरुस्ती, बदली, पैसे परत, बिलात दुरुस्ती किंवा ठरावीक रक्कम. मागणीला मुदतही हवी. उदाहरणार्थ, हमीच्या काळात जळालेल्या पंपाबद्दलचे पत्र एवढ्यात आटोपते:

‘दि. १२ जून रोजी आपल्या दुकानातून पाणबुडी पंप विकत घेतला. बिल क्रमांक अमुक, पंपाचा अनुक्रमांक अमुक, हमी एक वर्ष. दि. २ ऑगस्ट रोजी पंप बंद पडला. दि. ५ ऑगस्टला दुकानात कळवले. दि. ९ ऑगस्टला कंपनीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली, नोंद क्रमांक अमुक. दि. १६ ऑगस्टला आलेल्या मेकॅनिकने वाइंडिंग जळाल्याचे तोंडी सांगितले, लेखी अहवाल दिला नाही. हमीप्रमाणे पंप विनामूल्य दुरुस्त करून किंवा बदलून हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत द्यावा. तसे न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्यात येईल. सोबत बिल व हमीपत्राची झेरॉक्स.’

या पत्रात एकही भडक विशेषण नाही. ‘भोंगळ कारभार’, ‘गरीब शेतकऱ्याची लूट’ असे शब्द लिहिणाऱ्याला समाधान देतात आणि वाचणाऱ्याला मुद्दा टाळायची सबब. तारखांची ओळ मात्र टाळता येत नाही. प्रकरण पुढे गेले तर वाचणारा पहिल्यांदा तीच पाहतो. पत्राच्या तळाशी ‘माहितीसाठी प्रत’ म्हणून मुख्यमंत्र्यांपासून तहसीलदारांपर्यंत सगळ्यांची नावे टाकण्याची सवयही सोडून दिलेली बरी. आठ ठिकाणी गेलेला अर्ज प्रत्येक ठिकाणी दुसऱ्याचा समजला जातो. एका वेळी एकच माणूस, आणि त्याने दाद दिली नाही तर त्याच्या वरचा.

असे पत्र लिहिण्याची माणसाला फार जुनी सवय आहे. इराकमधल्या उर या प्राचीन नगरात सापडलेली, इ. स. पूर्व १७५० च्या सुमाराची एक मातीची पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर या तांब्याच्या व्यापाऱ्याला पाठवलेली ती तक्रार. कबूल केले त्या प्रतीचे तांबे दिले नाही, निरोप्याचा अपमान केला, पैसे अडकवून ठेवले, असे सांगून यापुढे माल आपल्या अंगणात एकेक पाहून निवडून घेईन असे त्याने बजावले आहे. रागावलेला असूनही मागणी काय ते तो विसरलेला नाही.

खेड्यातली खरी अडचण अर्ज लिहिण्याची नसते, संबंधांची असते. ज्या कृषी केंद्रावर किंवा दुकानावर तक्रार करायची, तोच दुकानदार पुढच्या खरिपात उधार देणार असतो. त्याच्या घरी लग्नाला गेलेले असते. त्यामुळे माणूस मूग गिळून बसतो, नाहीतर एकदम भांडण करून कायमचे वैर घेतो. यातून मार्ग निघतो तो दोषाचा मालक कोण हे पाहिल्यावर. पंप कंपनीने बनवलेला असतो, बियाणे कंपनीने पिशवीत भरलेले असते. पत्र कंपनीच्या नावे लिहावे, दुकानदाराला त्याची प्रत द्यावी आणि त्यालाच कंपनीच्या प्रतिनिधीला बोलावायला सांगावे. विक्रेत्यालाही परत आलेला माल कंपनीच्या गळ्यात घालायचाच असतो. लेखी तक्रार हातात असली की त्याचेही काम सोपे होते.

धानाचे बियाणे

अर्जुनी मोरगाव तालुक्यात इटियाडोहाच्या पाण्यावर आणि मृगाच्या पावसावर धान पिकतो. इथल्या शेतकऱ्याच्या वर्षातल्या महत्त्वाच्या खरेदींपैकी एक म्हणजे बियाणे, आणि त्याची तक्रार सगळ्यांत अवघड, कारण पुरावा मातीत गेलेला असतो. पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपे, विरळ उगवले तर दोष बियाण्याचा, पेरणीच्या खोलीचा की पावसाने दिलेल्या ओढीचा, यावर कंपनी आणि शेतकरी यांचे कधीच एकमत होत नाही.

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळे लेबल असते. धानाच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ८० टक्के असली पाहिजे, असे प्रमाणीकरणाचे मानक आहे. लेबलावर वाण, लॉट क्रमांक, चाचणीची तारीख आणि वैधतेची मुदत छापलेली असते. बिलावर हाच लॉट क्रमांक लिहून घेणे फार मोलाचे, कारण बिलावर नुसते ‘धान बियाणे, एक बॅग’ एवढेच असेल तर तीच पिशवी त्याच दुकानातून आली हे दाखवता येत नाही. रिकामी पिशवी, लेबल आणि ओंजळभर बियाणे हंगाम संपेपर्यंत ठेवून द्यावे. बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ नुसार विक्रेत्याने रोखीचे किंवा उधारीचे बिल देणे आणि साठ्याची व दरांची माहिती दुकानात लावणे आवश्यक आहे.

उगवण कमी दिसली की तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पाहणी करते, कृषी शास्त्रज्ञाचे मत घेते आणि पंचनामा करते. पण हंगाम कुणासाठी थांबत नाही. दुबार पऱ्हे टाकायचे तर वाफा पुन्हा नांगरावा लागतो, आणि नांगरला की पाहणीला काही उरत नाही. म्हणून उगवण फसल्याचे लक्षात येताच त्याच दिवशी अर्ज द्यावा, शेजारच्या बांधीसह फोटो काढावेत, आणि पाहणी होईपर्यंत निदान एखादा कोपरा तसाच राखावा. भेसळ किंवा वेगळा वाण निघाल्याची तक्रार असेल तर ती लोंबी बाहेर पडल्यावरच कळते. तीही कापणीच्या आधीच झाली पाहिजे. समितीचा अहवाल म्हणजे भरपाईचा आदेश नव्हे. भरपाई मिळवायची तर तो अहवाल घेऊन ग्राहक आयोगात जावे लागते.

तिथे शेतकऱ्याची बाजू सर्वोच्च न्यायालयाने बरीच भक्कम केलेली आहे. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या प्रकरणात जानेवारी २०१२ मध्ये न्यायालयाने तीन गोष्टी स्पष्ट केल्या. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे. बियाण्यांचा स्वतंत्र कायदा असला तरी त्यामुळे ग्राहक न्यायालयाचे दार बंद होत नाही. आणि शेतकरी घेतलेले सगळे बियाणे पेरतो, प्रयोगशाळेसाठी नमुना बाजूला ठेवील अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही; त्याच लॉटचे बियाणे तपासून घेण्याची मागणी कंपनीही करू शकली असती. हा निकाल अर्जात नमूद केला तर ‘नमुना कुठे आहे?’ या नेहमीच्या प्रश्नाला उत्तर मिळते.

वीज, बँक आणि बाकीचे

महावितरणच्या बाबतीत तक्रारीचे दोन प्रकार वेगळे ठेवले पाहिजेत. वीज गेली, तार तुटली, रोहित्र जळाले या तक्रारी १९१२ वर नोंदवायच्या आणि क्रमांक घ्यायचा. पुरवठा पूर्ववत करायला किती वेळ लागावा याची कृतिमानके महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने ठरवून दिलेली आहेत, आणि ती मोडल्यास ग्राहकाला ठरावीक भरपाई मिळते. पण भरपाई मागायची तर वीज केव्हा गेली आणि कळवले केव्हा, याची नोंद हवी. गावात बहुधा सगळेच एकमेकांवर विसंबतात. ‘कुणीतरी फोन केला असेल’ म्हणून कुणीच केलेला नसतो.

दुसरा प्रकार बिलाचा. मीटर न वाचता सरासरीने आलेले किंवा अवाच्या सवा युनिटचे बिल हातात पडले की माणूस एकतर निमूट भरतो, नाहीतर रागाने भरतच नाही. न भरल्याने बाजू बळकट होत नाही, उलट थकबाकीदार ठरवले जाते. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ मध्ये यावर तोडगा आहे. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि वादातली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. स्थानिक कार्यालयात लेखी तक्रार करून दाद लागली नाही तर परिमंडळाचा ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि त्याच्याही निर्णयाने समाधान झाले नाही तर नागपूरचा विद्युत लोकपाल, अशी ही वाट आहे. मंचाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते, आणि मंचाच्या आदेशानंतर लोकपालाकडे साठ दिवसांच्या आत. दोन्हीकडे वकील लागत नाही. वीजचोरीचा किंवा अनधिकृत वापराचा ठपका ठेवून काढलेल्या बिलांना मात्र हा मार्ग नाही आणि ग्राहक आयोगाचाही नाही.

बँकेच्या तक्रारींत मुदती फारच काटेकोर आहेत, आणि त्या माहीत नसल्याने लोकांचे पैसे बुडतात. एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून रक्कम गेली, तर ती पाच दिवसांत आपोआप परत जमा झाली पाहिजे. त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ मधला नियम आहे. भरपाई मागण्यासाठी अर्जसुद्धा करावा लागू नये, असे नियमातच म्हटले आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा आठवण करून द्यावी लागते. खातेदाराची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणी खात्यातून रक्कम काढली, तर बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास खातेदारावर तोशीस येत नाही. सात दिवसांपर्यंत मर्यादित येते. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. खातेदाराने स्वतःच ओटीपी सांगितला असेल तर, बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. १२ नोव्हेंबर २०२१ पासून त्यासाठी देशभर एकच व्यवस्था आहे. बँकेकडे आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर लोकपाल ती दाखलच करून घेत नाही.

मोबाइल कंपनीबद्दल ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे, लिहून उपयोग नसतो, कारण ट्राय व्यक्तिगत तक्रारी सोडवत नाही. कंपनीकडे तक्रार, मग तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे अपील, असे दोन टप्पे आहेत. अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत व्हावा लागतो. ग्राहक आयोगही अशा तक्रारी ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंबद्दल संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण केले पाहिजे, असे २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. घरपोच आणणाऱ्याकडे वजन करून मागण्याचा हक्क आहे, आणि गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

महाशिवरात्रीच्या यात्रेत पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्तीला विकली जात असेल तर तो वैधमापन कायद्याखालचा गुन्हा ठरतो. डोंगरावर माल चढवायला मजुरी पडते हे कारण कायद्यात बसत नाही, जरी ते खोटे नसले तरी. पाचदहा रुपयांसाठी कुणी आयोगात जाणार नाही. दुकानाचे ठिकाण, तारीख आणि बाटलीचा फोटो वैधमापन निरीक्षकाकडे पाठवणे एवढे मात्र सहज होण्यासारखे असते.

तहसील कार्यालयातला दाखला, ग्रामपंचायतीतला उतारा किंवा सरकारी रुग्णालयातले मोफत उपचार यांना ग्राहक संरक्षण कायदा सहसा लागू होत नाही. जिथे सगळ्यांवरच मोफत उपचार होतात ते रुग्णालय ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर राहते, हे १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ठरलेले आहे. पैसे घेणारा खासगी दवाखाना मात्र आत येतो. दाखल्यांसाठी २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळाली नाही तर खात्यातच दोन अपिले आणि शेवटी सेवा हक्क आयोगाकडे तिसरे, अशी त्याची रचना असून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आयोगाच्या दारात

कंपनीने पत्राला उत्तर दिले नाही तर आयोगापूर्वी एक पायरी घेऊन पाहावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही. ती तक्रार कंपनीच्या योग्य टेबलावर पोचवते आणि उत्तर मागते. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तेवढ्यानेच काम होऊन जाते. लहान विक्रेता तिच्या यादीत नसेल तर फारसा उपयोग होत नाही.

त्यानंतर गोंदियाचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण इथे चालते. पाच लाखांपर्यंत काहीच शुल्क नाही. पाच ते दहा लाखांसाठी २०० रुपये. घटना घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी, आणि इथेच कित्येकांचा घात होतो. कंपनी ‘बघतो, करतो’ म्हणत राहते, ग्राहक वाट पाहतो, आणि मुदत टळते.

प्रतापगडसारख्या गावासाठी २०१९ च्या कायद्यातला सर्वांत उपयोगी बदल म्हणजे, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात त्याला दाद मागता येते. पूर्वी कंपनीचे कार्यालय किंवा शाखा जिथे असेल, किंवा वादाचे कारण जिथे घडले असेल, तिथे जावे लागे. आता बंगळुरूच्या कंपनीला गोंदियात यावे लागते. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. त्यासाठीची ई-दाखिल ही व्यवस्था जानेवारी २०२५ मध्ये ई-जागृती या नव्या पोर्टलमध्ये सामावली गेली. सुनावणी व्हिडिओवर व्हावी अशी विनंतीही करता येते. जिल्ह्याच्या टोकावरून गोंदियाला प्रत्येक तारखेला जाण्याचा एक पूर्ण दिवस आणि त्या दिवसाची मजुरी यामुळे वाचू शकते.

तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र, बिल, पत्रव्यवहार आणि पोचपावत्यांच्या प्रती लागतात. वकील सक्तीचा नाही. घरच्या शेतावर पोट भरणाऱ्या माणसाचा पंप किंवा स्वतः चालवण्यासाठी घेतलेले शिलाई यंत्र ‘व्यापारी हेतू’चे धरले जात नाही, पण ते उपजीविकेसाठी घेतले आहे हे तक्रारीत लिहिलेले असले पाहिजे, नाहीतर कंपनीचा वकील पहिला आक्षेप तोच घेतो. विरुद्ध पक्षाला उत्तर द्यायला तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. ही मर्यादा बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितले. निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी करायची असेल तर पाच महिन्यांत लागावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत जातात आणि वर्षे उलटतात. म्हणून किरकोळ रकमेच्या तक्रारीत पत्र आणि हेल्पलाइन याच पातळीवर तडजोड होत असेल तर ती स्वीकारण्यात कमीपणा नाही.

मागणी करताना हात आखडू नये, पण सैलही सोडू नये. मानसिक त्रासाचे दहा लाख मागितले म्हणून दहा लाख मिळत नाहीत. आयोग सिद्ध झालेले नुकसान, वाजवी भरपाई आणि खर्च देतो. बियाण्याच्या प्रकरणात आधीच्या वर्षीचे उत्पादन, सातबारा, धान विकल्याच्या पावत्या जोडल्या तर नुकसानीचा आकडा उभा राहतो. नुसत्या तोंडी हिशेबाला आयोग फार किंमत देत नाही.

निकाल विरुद्ध गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते; विदर्भासाठी त्याचे खंडपीठ नागपूरला बसते. पैसे देण्याचा आदेश झालेल्या कंपनीला अपील करायचे तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे उगाच अपील करून वेळ काढण्याला थोडा चाप बसला आहे. अपील झाले नाही आणि पैसेही आले नाहीत, तर त्याच आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज करायचा असतो. आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल होतो. शिवाय आदेश न पाळणाऱ्याला कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा अर्ज आपोआप होत नाही, तो तक्रारदारालाच करावा लागतो.